आधी प्रश्न, मग सल्ला: रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एका गटाचं प्रकरण

पीएचडी करणाऱ्यांना करिअरचा रस्ता दाखवायचं काम अंगावर पडलेल्या सहा जणांच्या गटाचं हे प्रकरण. यातली माणसं, संस्था आणि संशोधनाचे काही तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. नियम, परीक्षा आणि चाचण्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी ते कामाला लागतील.

पार्श्वभूमी

दापोली ते सावंतवाडी या पट्ट्यात पीएचडी करणारी मुलंमुली बाहेरच्यांना वाटतं त्याहून बरीच जास्त आहेत. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरीतलं उपकेंद्र आणि संशोधन केंद्राची मान्यता मिळालेली महाविद्यालयं, अशा ठिकाणी ही मंडळी काम करतात. (ही नावं फक्त पट्ट्याची कल्पना यावी म्हणून दिली आहेत. पुढे येणारी माणसं याच संस्थांतली आहेत असं समजू नये.)

फेलोशिप असेपर्यंत गाडी रुळावर असते. युजीसीची पहिल्या टप्प्यातली फेलोशिप, जेआरएफ, जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि पुढच्या टप्प्यातली, एसआरएफ, ४२ हजार आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडूनही काहींना फेलोशिप मिळते. ती संपली की बहुतेकांसमोर एकच ओळखीचा रस्ता उरतो, तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि कायम जागा निघायची वाट पाहायची. मानधन तासांवर, तेही उशिरा हातात येणारं. घर इथे, आईवडील इथे, कलमं इथे, म्हणून मुंबई-पुण्याला जायची तयारी नसते. आणि प्राध्यापकीशिवाय आपल्या पीएचडीचं दुसरं काही होऊ शकतं, हे सांगणारं माणूस शेजारी नसतं.

ब्रिटनमध्ये संशोधकांच्या करिअरविषयी संस्थांनी मिळून केलेला एक करार आहे, कॉन्कॉर्डॅट. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत प्रत्येक संशोधकाला वर्षाला किमान १० दिवस स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असं म्हटलं आहे, आणि ते राबवायला वेगळी नेमलेली माणसं असतात. आपल्याकडे हे काम 'अतिरिक्त कार्यभार' या दोन शब्दांखाली येतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे प्लेसमेंट सेल दिलेला असतो, आणि तो सेल बीएस्सी-बीकॉमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी आखलेला असतो. पीएचडीवाली मुलगी दारात आली की सरांकडे तिच्यासाठी काहीच नसतं.

असं काम अंगावर पडलेले सहा जण एका कार्यशाळेत भेटले. प्लेसमेंटचा कार्यभार असलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ, एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या संशोधन समन्वयक, नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेशन केंद्राच्या व्यवस्थापक, आणि पीएचडीचे सगळे फॉर्म ज्यांच्या टेबलावरून जातात त्या कक्ष अधिकारी. दर महिन्याला भेटायचं आणि एकमेकांकडून शिकायचं असं ठरलं. जुलै महिना होता.

अडचण

पहिल्या तीन बैठकी वाया गेल्या. कारण साधं होतं, आणि ते ओळखायला तीन महिने लागले.

प्रत्येकाने पीपीटी आणली. 'आमच्या संस्थेत राबवलेले उपक्रम' असं शीर्षक, बॅनरसमोरचे फोटो, किती विद्यार्थ्यांना लाभ झाला त्याचा तक्ता. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी जे तयार होतं तेच समोर आलं. वीस मिनिटं सादरीकरण, पाच मिनिटं टाळ्या आणि चहा. आपल्याकडे काय फसलं हे कोणी बोललं नाही. सहापैकी तीन संस्था प्रवेशासाठी एकाच तालुक्यातल्या मुलांकडे बघतात, तेव्हा शेजाऱ्यासमोर स्वतःची उणीव कोण उघडी करील? व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोकरीच्या जाहिराती, त्यातल्या अर्ध्या मुदत संपलेल्या, आणि सणांच्या शुभेच्छा. ऑक्टोबरच्या बैठकीला दोघंच आले.

तोपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात एकदोन अडलेली प्रकरणं होतीच. ज्याचं काय करायचं हे सुचत नाही असा संशोधक, जो दर महिन्याला 'सर, काही आलंय का?' विचारायला येतो. ती प्रकरणं बैठकीत आलीच नव्हती.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरला आलेल्या त्या दोघांनी, ग्रंथपाल आणि इन्क्युबेशनच्या व्यवस्थापक यांनी, चार पर्याय लिहून सगळ्यांना फोन केले.

पहिला, पुण्याहून प्रशिक्षक बोलावून दोन दिवसांचं प्रशिक्षण. खर्च संस्थांना मंजूर झाला असता, प्रमाणपत्रही मिळालं असतं. पण प्रशिक्षक जे सांगणार ते मोठ्या शहरातल्या, मोठ्या कंपन्यांच्या आधाराने, आणि तो परत गेल्यावर अडलेलं प्रकरण पुन्हा एकट्याच्याच टेबलावर. दुसरा, परदेशातल्या संस्थांची मोफत साधनं वापरायची. अमेरिकेतलं मायआयडीपी २०१२ पासून आहे, त्यात संशोधक स्वतःची कौशल्यं, आवड आणि मूल्यं तपासून पुढची दिशा ठरवतो. साधन चांगलं आहे, मात्र त्यातले करिअरचे मार्ग तिथल्या बाजारावर बेतलेले आहेत. तिसरा, गट बंद करून फक्त ग्रुप चालू ठेवायचा. चौथा, सादरीकरणं पूर्ण थांबवून प्रत्येक बैठकीत एकाच्याच अडलेल्या प्रकरणावर बोलायचं.

चौथ्याला आधार होता. रेग रेव्हन्स हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळात काम करताना त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकवण्याऐवजी एकमेकांच्या खऱ्या अडचणींवर प्रश्न विचारायला बसवलं. या पद्धतीला पुढे 'अॅक्शन लर्निंग' म्हणू लागले. तिचा कणा असा की ज्याची अडचण आहे निर्णय त्यानेच घ्यायचा, बाकीच्यांनी त्याला विचार करायला भाग पाडायचं, आणि पुढच्या वेळी त्याने काय केलं हे सांगायचं.

चौथा पर्याय ठरला, पण एकमताने नाही. कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांचं म्हणणं होतं, 'शेतकरी माझ्याकडे कीड दाखवायला येतो तेव्हा मी प्रश्न विचारत बसत नाही, औषध सांगतो.' हा आक्षेप पुढे एका प्रकरणात अगदी खरा ठरला.

बैठकीची रचना

एक बैठक ९० मिनिटांची, एक प्रकरण.

पहिली १० मिनिटं गेल्या वेळच्या माणसाची. त्याने जे करतो म्हटलं होतं ते केलं का, काय झालं. नंतर १० मिनिटं आजचं प्रकरण मांडायला, मध्ये कोणी बोलायचं नाही. मांडणी एका ए-फोर कागदावर मावेल एवढीच. ५ मिनिटं फक्त वस्तुस्थितीच्या शंका. मग ३० मिनिटं प्रश्न, सल्ला पूर्ण बंद. पुढची १५ मिनिटं सल्ला आणि माहिती, या वेळात प्रकरण मांडणारा फक्त लिहून घेतो, प्रतिवाद करत नाही. नंतर १० मिनिटं त्याने स्वतःचा निर्णय सांगायचा, काय, कधी, कोणाशी बोलून. उरलेली १० मिनिटं बैठक कशी चालली यावर.

सगळ्यात अवघड अर्धा तास प्रश्नांचा. पहिल्या दोन बैठकींत प्रश्नाच्या वेषात सल्लेच आले. 'तिला लिंक्डइन का नाही उघडायला सांगत?' हा सल्ला झाला. 'आतापर्यंत ती कोणाकोणाशी जाऊन बोलली आहे?' हा प्रश्न. फरक ओळखायची एक खूण गटाला सापडली: उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असेल तर तो प्रश्न नाही. बैठक चालवणारा सूत्रधार अशा वेळी हातातलं पेन वर करायचा. डिसेंबरच्या बैठकीत ते पेन अकरा वेळा वर गेलं, फेब्रुवारीत तीनदा.

कागदावर सहा गोष्टी: विषय एका ओळीत, पीएचडीचा टप्पा, घरामुळे कुठे राहणं भाग आहे, किती महिने बिनपगारी निघू शकतात, आतापर्यंत काय करून पाहिलं, आणि शेवटची सगळ्यात महत्त्वाची, 'मी कुठे अडलोय?' संशोधक कुठे अडली हे तिथे लिहायचं नाही. या ओळीवर ग्रंथपाल मॅडम अडून बसल्या होत्या, आणि त्या बसल्या ते बरं झालं. एरवी सहा जण मिळून गैरहजर मुलीच्या स्वभावावर बोलत राहिले असते.

वेळापत्रकही इथल्या हवामानावर बसवलं. एप्रिल-मे हापूसचा, कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना श्वास घ्यायला फुरसत नाही. मार्च परीक्षांचा. गणपतीचा महिना सोडूनच द्यायचा. म्हणून वर्षाला आठच बैठकी. तीन प्रत्यक्ष, रत्नागिरी किंवा कणकवलीला, कारण दोन्हीकडे रेल्वे आहे. दापोलीकडच्यांना एसटीने खेड गाठून गाडी पकडता येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा जूननंतर प्रत्यक्ष बैठक ठेवायची नाही. ऑनलाइन बैठकीत वीज गेली तर सगळ्यांनी साध्या कॉन्फरन्स कॉलवर यायचं, हे आधीच ठरलेलं. ही तयारी नसती तर जून-जुलैच्या बैठकी बुडाल्या असत्या.

एक प्रकरण जवळून

फेब्रुवारीत रसायनशास्त्राच्या सरांनी कागद आणला. संशोधक बांगड्यातल्या हिस्टामाइनवर (मासा नीट थंड न राहिल्यास त्यात तयार होणारा, खाणाऱ्याला बाधणारा पदार्थ) पीएचडी करणारी, लेखन संपत आलेलं, मे महिन्यात थिसिस सबमिट करायचं ठरलेलं. घर रत्नागिरीत, वडील आजारी. फेलोशिप संपलेली, चार महिने निघतील एवढी शिल्लक. मासळी प्रक्रिया करणाऱ्या तीन कारखान्यांना अर्ज केले, दोघांकडून उत्तर नाही, तिसऱ्याने फोनवर सांगितलं, 'पीएचडीवाल्या मॅडम आमच्याकडे किती दिवस टिकणार?' शेवटच्या ओळीत सरांनी लिहिलं होतं: 'मला तिच्यासाठी दुसरं काही दिसत नाही आणि हे तिला कसं सांगू ते कळत नाही.'

प्रश्न सुरू झाले.

ग्रंथपाल: 'सर, ती सकाळी लॅबमध्ये गेली की आधी काय करते?'

सर गप्प झाले. बराच वेळ गेला. सूत्रधाराने ती शांतता मोडली नाही, हे त्या दिवशीचं सर्वात चांगलं काम. शेवटी सर म्हणाले, 'मला माहीत नाही. मी तिचे पेपर पाहिलेत, तिचं काम नाही पाहिलं.'

कृषी विज्ञान केंद्रातले सर: 'अर्ज कोणत्या महिन्यात पाठवले?' ऑक्टोबर आणि डिसेंबर. म्हणजे ऐन हंगामात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. कारखान्याचा मॅनेजर निवांत बसून कोणाचा अर्ज वाचेल तर त्याच ६१ दिवसांत. नोव्हेंबरमध्ये त्याच्या दारात बर्फाच्या गाड्या उभ्या असतात. ही बाब सरांच्या मनातही आली नव्हती. कलमांच्या हंगामाचा विचार रोज करणाऱ्या माणसाला ती लगेच दिसली.

इन्क्युबेशनच्या व्यवस्थापक: 'टिकणार नाही असं तो म्हणाला, तर त्याला नेमकी भीती कसली आहे?' यावर बरीच चर्चा झाली. शिकवून तयार केलेलं माणूस आठ महिन्यांत प्राध्यापकीची जाहिरात आली की जाईल, ही ती भीती. ती खोटी नाही. मग तिला उत्तर काय? कायम नोकरी मागण्याऐवजी ठरावीक मुदतीचं, ठरावीक काम.

त्या दिवशी सरांनी दोन गोष्टी ठरवल्या. तिच्या लॅबमध्ये जाऊन बसायचं, आणि अर्ज पुन्हा लिहून घ्यायचा, पाठवायचा मात्र मे अखेरीस.

लॅबमध्ये गेल्यावर जे समोर आलं ते तिच्या सात पानी बायोडेटात कुठेच नव्हतं. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा थंड राहिला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. एकदा ते तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही. म्हणून सगळा खेळ जाळ्यापासून बर्फापर्यंतच्या वेळेचा. ती पहाटे बंदरावर जाऊन उतरणाऱ्या माशाच्या आतलं तापमान मोजत होती, होडी किती वाजता परतली, बर्फ किती होता हे वहीत लिहीत होती, आणि तेच नमुने हिस्टामाइन मोजायला एचपीएलसी यंत्रावर लावत होती. युरोपला माल पाठवायचा तर अशा माशांच्या एका लॉटमधून ९ नमुने घ्यावे लागतात. सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, १०० ते २०० मध्ये जास्तीत जास्त दोन नमुने, २०० च्या वर एकही नाही. लॉट परत आला तर कारखान्याचा तोटा मोठा. ज्या कामाची कारखान्याला धास्ती असते, नेमकं ते काम ती चार वर्षं रोज करत होती, आणि बायोडेटाच्या पहिल्या पानावर तिने परिषदांमध्ये वाचलेल्या शोधनिबंधांची यादी लावली होती.

नवा बायोडेटा दोन पानांचा झाला. पहिल्या तीन ओळींत: कोणत्या चाचण्या स्वतःच्या हाताने करते, कोणत्या यंत्रावर, आणि बंदरापासून शीतगृहापर्यंत तापमानाची नोंद कशी ठेवते. शोधनिबंध शेवटी, दोन ओळींत. सोबत एक पानाचा प्रस्ताव, सहा महिन्यांत माल उतरवण्यापासून कोल्ड स्टोअरेजपर्यंतच्या नोंदींची साखळी बसवून देणार, दोन कर्मचाऱ्यांना ती शिकवून देणार.

बातमी फुटली

मार्चमध्ये गटातल्या एका सदस्याने, मदत करायच्या चांगल्या हेतूने, आपल्या ओळखीच्या कारखानदाराला व्हॉट्सअॅप केला: 'हिस्टामाइनवर पीएचडी, रत्नागिरीतलीच मुलगी, लगेच जॉइन होऊ शकते.' तो मेसेज पुढे गेला. नाव नव्हतं, पण नावाची गरजच नव्हती. या विषयावर काम करणारी रत्नागिरीत असून असून किती असणार? दोन दिवसांत तो तिच्या गाईडपर्यंत पोचला. लॅबमध्ये इतरांसमोर तिला विचारण्यात आलं की सबमिशनच्या आधीच पळायचा विचार आहे का. 'लगेच जॉइन' हे तर खरंही नव्हतं.

तिने सरांना फोन करून एकच विचारलं, 'सर, तुम्ही माझ्याबद्दल कोणाशी बोललात?'

इथे गटाला पहिल्यांदा कळलं की मूळ चूक मेसेजची नव्हती. तिचं प्रकरण सहा लोकांसमोर मांडायला तिची परवानगीच घेतलेली नव्हती. नाव लिहिलं नाही म्हणजे गुप्तता राखली, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मोठ्या शहरात ते कदाचित चालून जाईल. किनाऱ्यावर, जिथे प्रत्येक कारखान्यात कोणाचा तरी भावोजी असतो, तिथे विषय हीच ओळख असते.

पुढे काय करायचं यावर दोन मतं होती. एक, शांत राहावं, प्रकरण आपोआप थंडावेल. दुसरं, तिला सगळं सांगून टाकावं. सरांनी त्याच संध्याकाळी जाऊन तिला सगळं सांगितलं: गट काय आहे, कोण कोण आहे, तिच्याबद्दल कागदावर काय लिहिलं होतं. तो कागद तिला वाचायला दिला. मेसेज पाठवणाऱ्या सदस्याने स्वतः फोन करून माफी मागितली. तीन आठवडे तिने कोणाचाही फोन घेतला नाही. एप्रिलमध्ये तिच्या संमतीने सर गाईडना भेटले. सबमिशन मे महिन्यातच होणार, त्याआधी ती कुठेही रुजू होणार नाही, एवढीच गोष्ट स्पष्ट केली. गाईडचा राग मुलगी जाते याचा कमी आणि आपल्याला शेवटी कळलं याचा जास्त होता.

त्यानंतरचा नियम: संशोधकाने कागद वाचल्याशिवाय तो बैठकीत येत नाही. नको असलेल्या ओळी तो स्वतः खोडतो. विषय नुसता 'अन्न विज्ञान', 'वनस्पती' एवढाच सांगायचा असेल तर तेवढाच. आणि गटातून बाहेर काही न्यायचं असेल तर ज्याने प्रकरण आणलं त्याला आधी विचारायचं. बैठक संपली की कागद फाडायचे, फोटो काढायचा नाही.

चुकीची माहितीही पसरते

दुसरी चूक शांतपणे घडली म्हणून जास्त धोक्याची. सल्ल्याच्या पंधरा मिनिटांत एका बैठकीत कोणीतरी ठामपणे सांगितलं की पेटंट एजंट (इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणारा) व्हायला एलएलबी लागते. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते चूक आहे. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ नुसार भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा, एवढं पुरतं. विज्ञानात पीएचडी करणाऱ्याला घरी बसून तयारी करता येईल असा हा रस्ता आहे, आणि एका वाक्याने तो दोन जणांसाठी दोन महिने बंद झाला होता.

तसंच साहाय्यक प्राध्यापकासाठी पीएचडी सक्तीची आहे असं गटातले तिघं मुलांना सांगत होते. तो नियम बदलला आहे. १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा ही किमान अट आहे. हे कक्ष अधिकारी मॅडमनी मूळ अधिसूचना उघडून दाखवलं.

सहा जण एकमेकांकडून शिकतात तेव्हा सहा जणांचे गैरसमजही एकमेकांकडे जातात, आणि आपल्या माणसाने सांगितलं म्हणून ते तपासले जात नाहीत. आता कोणी नियम, पात्रता किंवा अनुदानाची रक्कम सांगितली की कक्ष अधिकारी मॅडम मूळ कागद स्क्रीनवर उघडतात. सापडला नाही तर ती माहिती कोणी लिहून घेत नाही.

निष्पत्ती

थिसिस मे महिन्यात सबमिट झाला. जून-जुलैत ती चार कारखान्यांत प्रत्यक्ष जाऊन भेटली, अर्ज आधी पाठवून नाही. चौघांनीही वेळ दिला. एकाने ऑगस्टपासून सहा महिन्यांचं काम दिलं. पगार एसआरएफच्या ४२ हजारांपेक्षा कमी होता, हे लपवण्यात अर्थ नाही. वडिलांच्या औषधपाण्याला घराजवळ राहता येतं म्हणून तिने ते काम घेतलं. मुदत संपल्यावर कारखान्याने वर्षभरासाठी वाढवून दिलं.

गटाची निष्पत्ती मिश्र आहे. मेसेज पाठवणारे सदस्य पुढच्या दोन बैठकींनंतर बाहेर पडले. त्यांना जाऊ द्यायला नको होतं, कारण चूक झाल्यावर ती उघडपणे मान्य करणारे तेच पहिले होते. काजूच्या कलमांवर पीएचडी केलेल्या एका मुलाचं प्रकरण दोन बैठकींत मार्गी लागलं, तो आता रोपवाटिका चालवतो.

आणि एक प्रकरण फसलं. ग्रंथपाल मॅडमनी मालवणी बोलीवर पीएचडी करणाऱ्या संशोधकाचा कागद आणला. अर्धा तास प्रश्न झाले, चांगले झाले. पण भाषेच्या अभ्यासकाला विद्यापीठाबाहेर कोण काम देतं, किती मोबदला मिळतो, नमुना म्हणून काय पाठवायचं, यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांचा पहिला आक्षेप इथे लागू पडला. प्रश्नांनी विचार मोकळा होतो, माहितीची उणीव भरत नाही. सहाही जण एकाच गोष्टीत अडाणी असतील तर बाहेरचं माणूस हवं. गटाने पुढे भाषा-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या एका व्यक्तीला ४० मिनिटांसाठी फोनवर घेतलं, तेही चार महिने उशिरा.

वेगळं काय करता आलं असतं

संमतीची अट पहिल्या दिवसापासून हवी होती. त्याला खर्च शून्य होता. एका संशोधकाचे तीन आठवडे आणि तिचा लॅबमधला मान त्यात गेला.

सादरीकरणाच्या तीन बैठकी टाळता आल्या असत्या का, याबद्दल आमचं मत ठाम आहे: एक पुरेशी होती. एकमेकांची संस्था ओळखून घ्यायला एकदा चांगलं दाखवणं लागतं. दुसऱ्यापासून कोणीतरी, शक्यतो गटात सगळ्यात ज्येष्ठ असलेल्याने, स्वतःचं फसलेलं प्रकरण आणायला हवं होतं. ज्येष्ठाने आणल्याशिवाय इतर आणत नाहीत.

गट बांधताना कला शाखेतलं माणूस नव्हतं आणि खासगी क्षेत्रातलंही कोणी नव्हतं. दुसरं मुद्दाम, कारण कारखानदार समोर बसला तर त्याच्यासमोर संशोधकाच्या अडचणी बोलता येत नाहीत. पहिलं मात्र निव्वळ लक्षात आलं नाही म्हणून.

गाईडला केव्हा सांगायचं, यावर गट अजून दुभंगलेला आहे. एका बाजूचं म्हणणं, पहिल्या भेटीतच संशोधकाला सांगावं की गाईडना तू स्वतः सांग, नाहीतर आम्ही पुढे जाणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, काही लॅबमध्ये असं सांगितल्यावर सहीसाठी महिनोन्महिने फेऱ्या मारायला लागतात, आणि ती फेरी आपण मारत नाही, ते मूल मारतं. सध्या कागदावर सातवी ओळ वाढवली आहे: 'गाईडना माहीत आहे का? नसेल तर कधी सांगायचं, हे संशोधकाने काय ठरवलंय?' तिथे तारीख लिहिलेली असेल तर प्रकरण घेतात. ओळ रिकामी असेल तर सूत्रधार आधी संशोधकाला फोन करायला सांगतो, आणि त्या महिन्यात दुसऱ्या कोणाचा तरी कागद येतो.